वायरिंग तपासावं ते आषाढात

पावसाने जोर धरला की माणगावातल्या जुन्या घरांतून वायरमनला बोलावणी सुरू होतात. तक्रारी ठरलेल्या असतात. पंखा मधेच मंदावतो, माजघरातला दिवा फडफडतो, वीजगळती पकडणारी ईएलसीबी मध्यरात्री पडते आणि सकाळी निमूट चालू होते. वायरमन दारात येतो तेव्हा सगळं सुरळीत असतं. मग तो एखादं बटण बदलतो, दोन स्क्रू पिळतो आणि जातो. चार दिवसांनी पुन्हा तेच. यात त्याचा दोष थोडाच आहे. बदललेल्या वस्तूचे पैसे आपण देतो, पण बिघाड शोधण्यात गेलेल्या वेळेचे द्यायचे म्हटलं की का-कू करतो. जुन्या घरांना हीच काटकसर सर्वांत महाग पडते.

बाजारपेठेतल्या, गोरेगाव-निजामपूरकडच्या अनेक घरांत वायरिंग एका पिढीचं नाही. लाकडी पट्टीवरची मूळ वायर, तिला पुढे जोडलेली ॲल्युमिनियमची, त्यावर गीझरसाठी ओढलेली तांब्याची. तांबं आणि ॲल्युमिनियम नुसते पिळून वर टेप गुंडाळला, तर आपल्या दमट हवेत ॲल्युमिनियम गंजतं आणि जोड सैल होतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात छपरं उडाली, पाऊस थेट भिंतींत मुरला. नंतर पत्रे नवे आले, भिंतींना रंग लागला. आतले जोड किती घरांत उघडून पाहिले गेले?

सैल जोडाचा रोध एक ओहम झाला आणि त्यातून १० अँपिअर वाहिले, तर तेवढ्याशा जागेत १०० वॅट उष्णता तयार होते. जोड तापतो, संपर्क सुटतो. थंड झाला की पुन्हा जुळतो. म्हणून दिवा जातो-येतो. एमसीबी मात्र पडत नाही, कारण प्रवाह तिच्या मर्यादेतच असतो. टेप करपतो, लाकडी पट्टी काळी पडते, तरी घरातली सगळी संरक्षणं गप्प. जुन्या घरातली आग अशीही सुरू होऊ शकते.

असा जोड टेस्टरने सापडत नाही. टेस्टर पेटायला नगण्य प्रवाह पुरतो. वायरची एक तार शिल्लक असली तरी तो झगझगीत पेटेल. मल्टिमीटरही २३० दाखवेल. लोड टाकूनच पाहावं लागतं. इस्त्री लावली आणि मेनवर २३० व्होल्ट असताना बोर्डावर २१० उरले, तर वाटेत २० व्होल्ट कुठेतरी जळताहेत. तिथून जोडामागून जोड पाहत मागे सरकायचं. याला वेळ लागतो आणि त्या वेळेला मोल आहे.

ईएलसीबीचं दुखणं वेगळं. घरगुती ईएलसीबी सहसा ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर पडते. ओल्या भिंतीतून तेवढी गळती सहज होते. काही घरांत जिन्यातला दिवा लावला की ती पडते. तिथे बहुधा दोन सर्किटांचे न्यूट्रल एकमेकांत मिसळलेले असतात. दोन्ही ठिकाणी अनेक जण एकच उपाय करतात: ईएलसीबी बायपास. हे करू नये आणि वायरमनला करायला सांगूही नये. मेन बंद करून, उपकरणं काढून, ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्राने, वायरिंग तपासावं. इन्सुलेशन निदान १ मेगाओहम भरलं पाहिजे. एप्रिलमध्ये भिंत कोरडी असताना हाच आकडा उत्तम येतो आणि आपण निर्धास्त होतो. म्हणून तपासणी आषाढातच हवी.

घरच्यांनीही एक काम करावं. मीटरजवळ वही टांगावी: बिघाड किती वाजता झाला, पाऊस होता का, काय काय चालू होतं. फक्त एका लक्षणापुढे वही उघडत बसू नये. घरातले काही दिवे अचानक प्रखर आणि काही मंद झाले, तर न्यूट्रल सुटत असल्याची शक्यता मोठी. व्होल्टेज ४०० च्या आसपास जाऊ शकतं. लगेच मेन बंद करावा आणि महावितरणला १९१२ वर कळवावं.

लोणेऱ्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आपल्याच तालुक्यात आहे. तिथल्या विद्युत अभियांत्रिकीच्या मुलांनी येत्या जुलैत प्राध्यापक आणि परवानाधारक वायरमन सोबत घेऊन बाजारपेठेतली एक गल्ली मेगरने तपासावी, आकडे घरमालकांच्या हाती द्यावेत. दुरुस्ती वायरमननेच करावी आणि बिघाड शोधण्याचा दर त्याच्या बिलात पहिल्या ओळीत लिहिलेला असावा.