टाके काढल्यानंतरची वर्षे

पहूरसारख्या गावात दुभंगलेल्या ओठाचं किंवा टाळूचं बाळ जन्मलं, की दोष अजूनही ग्रहणाला आणि आईला दिला जातो. जगात साधारण 700 जन्मांमागे एक बाळ असं असतं. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्या-शाळांत अशी मुलं शोधतात. शस्त्रक्रियाही मोफत होते. पण टाळू शिवल्यावरही काहींचे उच्चार नाकातून येतात, कानात पाणी साचून ऐकू कमी येतं. मग शुद्धलेखनात चुकणारं, उत्तर येत असूनही हात वर न करणारं मूल वर्गात ‘मठ्ठ’ ठरतं. हा अन्याय आम्हाला फार बोचतो. म्हणून या अंकात वाचा-उपचार, श्रवणतपासणी, चिडवाचिडवी आणि वयात येताना आरशासमोर वाटणारा संकोच, यांवरच आम्ही भर दिला आहे. शिक्षकांनो, पालकांनो, आणि हे स्वतः सोसलेल्या तरुण मित्रमैत्रिणींनो, तुमचे अनुभव आम्हाला जरूर लिहून पाठवा.