पाना घ्यावा पारखून!

मोबाइल घेताना आपण आठवडाभर मित्रांचं डोकं खातो. पण गाडीसाठी पान्यांचा सेट घ्यायचा म्हटलं की? बॉक्स चकाचक, पीस भरपूर, किंमत कमी... बस्स, घेऊन टाकला! तो दगा देतो तेव्हा मात्र आपण दुकानापासून फार लांब असतो. समजा, पुण्याहून गावी शिरपूरला निघालाय. मे महिना, पारा चाळिशीच्या वर. मुंबई-आग्रा हायवेवर सोनगीर मागे पडलं, नरडाणा आलं आणि बॅटरीचं टर्मिनल ढिलं होऊन कार बंद! डिकीतला दहाचा पाना लावावा, तर त्याचा खटकाच निसटतोय.

म्हणून या वेळी रॅचेट पाना. दिसायला साधा रिंग पानाच, पण रिंगच्या पोटात दातेरी चक्र आणि खटका. पुढे ओढला की नट फिरतो, मागे आणला की नुसता ‘कर्र कर्र’ वाजतो. दर वेळी पाना काढून पुन्हा बसवायची कटकटच नाही.

फंडा नंबर एक : दात विचारा. 72 दातांचा पाना जेमतेम 5 अंश हलला तरी पुढचा दात पकडतो. 36 दातांच्या पान्याला 10 अंश लागतात आणि साध्या बारा कोनी रिंग पान्याला तब्बल 30. इंजिनच्या सांदीत हात घातलात की हा फरक लगेच कळतो.

नंबर दोन : दिशा कशी बदलते ते बघा. छोटी कळ असेल तर जागच्या जागी काम होतं. अशा पान्याचं डोकं बहुधा थोडं तिरकं असतं, त्यामुळे बोटंही सोलवटत नाहीत. सपाट पाना काढून पलटावा लागतो, पण अडचणीच्या जागी तोच शिरतो.

नंबर तीन : पीस मोजू नका, साइझ बघा. 8, 10, 12, 13, 14, 17 एवढे असले तरी घरगुती कामं निभावतात. आधी आपल्या गाडीचे नट बघा, मग दुकानात जा.

आता खरी गोम. नरडाण्यात एमआयडीसी आहे, सुरत-भुसावळ लाइनवरचं स्टेशन आहे आणि दारातून हायवे. म्हणजे नट-बोल्टशी रोजची गाठ! अशा ठिकाणचा मुरलेला मेकॅनिक जाम नटाला आधी साधा रिंग पाना लावतो. नट सैल झाला की मगच रॅचेट. कारण रॅचेटमध्ये सगळा जोर त्या चिमुकल्या खटक्यावर येतो. त्यात दांड्याला पाइप लावून ओढलंत, की खटका गेलाच म्हणून समजा. पाना अचानक सुटून हातही फुटतो. आणि चाकाचे, ब्रेकचे बोल्ट शेवटी आवळताना अंदाजपंचे नको. तिथे टॉर्क रेंच, नाहीतर सरळ गॅरेज.

तेव्हा बजेटची विभागणी सोपी आहे. रॅचेटचे सहा-सातच पाने, पण चांगल्या क्रोम व्हॅनेडियमचे. उरलेल्या पैशांत साध्या रिंग पान्यांचा सेट. नाशिकच्या सातपूरची टपारिया त्यासाठी आहेच. आणि पैसे देण्याआधी प्रत्येक पाना दुकानातच दोन्हीकडे फिरवून बघा. दुकानदार वैतागला तर वैतागू दे. हायवेवर आपण वैतागण्यापेक्षा ते बरं!