रिसाला बाजारातील घोडा

हिंगोली शहरात रिसाला बाजार आहे, तोफखाना आहे, पलटण आहे, पेन्शनपुराही आहे. रिसाल्याचा घोडा मात्र तेथून जाऊन शतक उलटले. वऱ्हाडच्या सीमेलगतचे हे ठाणे हैदराबाद कंटिंजंटचे. त्या फौजेच्या खर्चासाठी निजामाने १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांकडे सोपविला. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने त्याचा कायमचा पट्टा करून घेतला आणि पुढच्याच वर्षी कंटिंजंट हिंदी सैन्यात विलीन झाले. हिंगोलीचा घोडा गेला तो मोटारीमुळे नव्हे, एका करारामुळे! त्या रिसाल्यांच्या वारशाचे डेक्कन हॉर्स आज रणगाड्यांवर आरूढ आहे.

ही जुनी गोष्ट आम्ही काढतो ती पशुगणनेच्या आकड्यांमुळे. १९५१ साली देशात घोडे व तट्टे मिळून सुमारे १५ लाख होती. २००७ मध्ये ती ६ लाख ११ हजारांवर आली. २०१२ मध्ये संख्या किंचित वाढून सव्वासहा लाख झाली. आणि २०१९ च्या गणनेत ती एकदम ३ लाख ४० हजारांच्या घरात! अर्धशतकाहून अधिक काळ सावकाश चाललेली घसरण सात वर्षांत ४५ टक्क्यांवर जाते, ती का?

यंत्रयुग आले, घोडा गेला, असे म्हणून विषय मिटविण्याची आपल्याकडे रीत आहे. अमेरिकेच्या बाबतीत ते खरे होते. तेथे १९२० च्या सुमारास घोडे व खेचरे मिळून अडीच कोटी होती; नांगर घोड्याच्या खांद्यावर होता, म्हणून ट्रॅक्टर येताच १९६० पर्यंत ती तीस लाखांवर उतरली. पुढे हौसेने व क्रीडेने त्यांची संख्या पुन्हा दुपटीहून अधिक वाढविली. मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत नांगर ओढला तो बैलाने. येथील घोडा फौजेचा, पाटील-देशमुखांच्या दारचा, तांगेवाल्याचा आणि भटक्याच्या बिऱ्हाडाचा. यांपैकी प्रत्येकाचा निरोप वेगवेगळ्या काळी झाला.

प्रांताप्रांतांतील भेदही हेच सांगतो. २०१२ ते २०१९ या काळात उत्तर प्रदेशात व जम्मू-काश्मीरमध्ये संख्या जवळजवळ निम्म्याने घटली. पहिल्या ठिकाणी घोडा वीटभट्टीची गाडी ओढतो, दुसऱ्या ठिकाणी डोंगरवाटेने ओझे वाहतो. जेथे मारवाडी आणि काठेवाडी घोड्याची हौस व प्रतिष्ठा आहे, त्या राजस्थानात घट अल्प आणि गुजरातेत तर थोडी वाढच. याच सात वर्षांत गाढवांची संख्या ६१ टक्क्यांनी घटली, हे ध्यानात घेतले म्हणजे शंका उरत नाही. नाहीसा होत आहे तो गरिबाचा भारवाहू पशू.

आपल्याकडे नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या आणि तापीकाठच्या सारंगखेड्याच्या यात्रेत उमद्या घोड्यांना लाखांच्या किमती येतात, आणि वृत्तपत्रे (आम्हीही त्यांतलेच) त्यांची छायाचित्रे कौतुकाने छापतात. परंतु मेंढरांमागे धनगराचा संसार पाठीवर घेऊन चालणारे तट्टू त्या छायाचित्रांत नसते. भीमा-नीरेच्या खोऱ्यातील भीमथडी तट्टाला स्वतंत्र जातीची राष्ट्रीय मान्यता मिळाली ती अगदी अलीकडे. पाच लाखांचा वरातीचा घोडा आणि बिऱ्हाडाचे तट्टू, गणनेत दोघांचेही डोके एकच! आणि ज्याचे बिऱ्हाड आज कयाधूकाठी तर महिन्याने पैनगंगेपलीकडे, त्याचे तट्टू गणकाला कोणत्या गावी भेटणार?

२०२४ च्या ऑक्टोबरात आरंभलेल्या एकविसाव्या पशुगणनेत भटक्या पशुपालकांच्या जनावरांची माहिती प्रथमच स्वतंत्रपणे घेण्याचे ठरले, हे योग्यच झाले. पण ती राज्याच्या एका बेरजेत बुडाली तर तिचा उपयोग काय? हिंगोली १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला जिल्हा. त्याआधीचे आकडे त्याच्याशी ताडून पाहावयाचे तर जुनी तालुकावार पत्रके हाताशी हवीत. पशुसंवर्धन खात्याने ती खुली करावीत, आणि यापुढे प्रत्येक जिल्ह्यात घोडा कोणाचा व कोणत्या कामाचा हे दोन रकाने अवश्य छापावेत. तट्टू विकून मजुरीला लागलेली कुटुंबे किती, हे त्यांवाचून कोणत्याही मंत्र्याला विधानसभेत सांगता येणार नाही.