जनसुनवाई पावसाआधी हवी
गगनबावडा तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ३६ हजारांच्या आसपास होती. डोंगरी भागात २० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा सरकारी निकष. त्या हिशेबाने तालुक्याची गरज कागदावर सहज भागते. पण २०१९ आणि २०२१ च्या पुरांत कोल्हापूरचा रस्ता पाण्याखाली गेला, तेव्हा तिथले सुमारे ५५ किलोमीटरवरचे सीपीआर हे सरकारी रुग्णालय असून नसल्यासारखे झाले. अशा दिवसांत सर्पदंशावरचे प्रतिविष केंद्रात आहे का, दिवस भरत आलेल्या बाईची सोय आधीच झाली आहे का, हे वाडीवरच्या माणसांना जिल्ह्याच्या तक्त्यापेक्षा लवकर कळते. त्यांच्या या माहितीला कारभारात मान हवा.

महाराष्ट्राला हे नवे नाही. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे जिल्ह्यांत ‘लोकाधारित देखरेख व नियोजन’ सुरू झाले. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेने त्याचे राज्य पातळीवर समन्वयन केले. गावाने सेवांना चांगली, बरी, वाईट अशी श्रेणी द्यायची आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांनी सर्वांसमोर उत्तर द्यायचे, अशी रीत. पहिल्या फेरीत ४८ टक्के श्रेणी ‘चांगली’ होत्या, तिसऱ्या फेरीत ६६ टक्के. हे मोजमाप प्रक्रियेतल्याच लोकांचे आहे, हे ध्यानात ठेवायला हवे. युगांडातल्या ५० दवाखान्यांच्या अभ्यासात लोकदेखरेखीनंतर बालमृत्यू एक तृतीयांशाने घटल्याचे दिसले, पण पुढे ३७६ केंद्रांवरच्या मोठ्या अभ्यासात तसा परिणाम आढळला नाही. मला यातून दिसते ते असे की, गावाने नुसते विचारून भागत नाही. पैसा, औषधे आणि माणसे ज्याच्या हातात आहेत, त्याला उत्तर देणे भाग पडले पाहिजे.

गावकऱ्यांना वैद्यक काय कळते, असे विचारले जाते. उपचार बरोबर की चूक, हे त्यांनी ठरवायचेच नाही. औषध मिळाले का, पैसे मागितले का, रुग्णवाहिका आली का, एवढे सांगायला पदवी लागत नाही. दुसरा आक्षेप वजनदार आहे. रिकाम्या पदांचा भार वाहणाऱ्या डॉक्टर, परिचारिका आणि आशाताईंवरच गावाचा राग निघेल, पुढारी त्याचा फायदा घेतील. म्हणूनच जनसुनवाईत तालुका आणि जिल्हा आरोग्य अधिकारी समोर हवेत, आणि रिक्त पदाचा जाब परिचारिकेला विचारायचा नाही, हा नियम आधी ठरायला हवा. अशी सुनवाई तिची अडचणही वर पोहोचवते. गगनबावड्यात ती मे महिन्यात घ्यावी, म्हणजे औषधसाठा आणि गरोदर बायांची यादी तपासून त्रुटी भरायला रस्ता बंद होण्याआधी काही आठवडे हातात राहतील. प्रत्येक त्रुटीपुढे जबाबदार अधिकाऱ्याचे पद आणि तारीख लिहून तो कागद ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा.