वाळवंटातले सरोवर आणि होडीची हौस

सुट्टीत नौकाविहाराला आणि मासे पकडायला कोणी वाळवंटात जाईल काय? अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्याच्या दक्षिण भागातल्या वाळवंटात वर्षाकाठी जेमतेम ७५ मिलिमीटर पाऊस पडतो. तरीही १९५० आणि १९६० च्या दशकांत लोक मोटारीमागे होडी जोडून तेथल्या सॉल्टन सरोवरावर हजारोंनी जात. काठावर तंबू ठोकायचा, पहाटे गळ टाकून बसायचे आणि ऊन चढले की मोटरबोटी पळवायच्या, असा कार्यक्रम असे. बोटींच्या शर्यतीही होत. खाऱ्या पाण्याची घनता जास्त असल्याने होडी त्यात थोडी कमी बुडते, हे तुम्ही आर्किमिडीजच्या तत्त्वावरून सांगू शकाल.

आज ते सरोवर आटत आहे. काहीजण म्हणतात, कसेही करून ते पूर्वीसारखे भरा आणि होड्या परत आणा. दुसरे म्हणतात, ते अपघाताने झालेले डबके आहे, वाळून जाऊ द्या. मला दोन्ही मते चुकीची वाटतात. का, ते पाहू.

अपघाताची गोष्ट खरी आहे. १९०५ साली कोलोरॅडो नदीचे पाणी शेतीकडे नेणाऱ्या कालव्याची वाट फुटली आणि जवळजवळ सगळी नदीच एका खोलगट प्रदेशात शिरली. ते भगदाड बुजवायला १९०७ साल उजाडले. पण हीच नदी त्याआधीही शेकडो वर्षांच्या अंतराने वाट बदलून येथे येत असे. तेव्हाच्या मोठ्या सरोवराच्या काठी काहुइला लोकांनी मासे धरण्यासाठी रचलेले दगडी सापळे आजही कोरड्या उतारावर दिसतात. म्हणजे १९०५ चे पाणी माणसाच्या हातून आले हे खरे, पण त्या खोलगटाला पाणी काही नवे नव्हते.

सरोवराचा पृष्ठभाग समुद्रसपाटीपेक्षा सुमारे ७० मीटर खाली आहे. त्यामुळे आत आलेल्या पाण्याला बाहेर पडायला एकच वाट उरते, ती म्हणजे बाष्पीभवन. ते वर्षाला सुमारे १.८ मीटर होते. सरोवराचे क्षेत्रफळ सुमारे ८०० चौरस किलोमीटर धरून गुणाकार करा. उत्तर येते साधारण १.४ घन किलोमीटर. आपल्या कोयनेच्या शिवसागर जलाशयात पूर्ण भरल्यावर जेवढे पाणी मावते, त्याच्या जवळजवळ निम्मे पाणी येथे दरवर्षी वाफ होऊन जाते!

ही तूट भरून निघत असे ती शेतातून निचरून येणाऱ्या पाण्याने. पण त्या पाण्यात मीठ असते. लिटरला ३ ग्रॅम धरले, तर एक घन किलोमीटर पाण्याबरोबर ३० लाख टन क्षार येतात. पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. बशीतले मिठाचे पाणी उन्हात ठेवून पाहा, तेच दिसेल. याच नदीवर हूव्हर धरणामुळे झालेले मीड सरोवरही वाळवंटातच आहे. पण त्याचे पाणी धरणातून पुढे वाहत राहते, म्हणून क्षारही पुढे जातात. सॉल्टनला ती सोय नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम क्षार असतात, येथे ते प्रमाण ६० ग्रॅमच्या वर गेले आहे.

माशांचे काय झाले ते यावरून कळेल. १९५० च्या दशकात राज्याच्या मत्स्यखात्याने कॅलिफोर्नियाच्या आखातातून कोर्व्हिनासारखे समुद्री मासे आणून येथे सोडले आणि गळवाल्यांची चंगळ झाली. मागाहून तिलापिया आला. आपल्या उजनीत त्यालाच चिलापी म्हणतात. परंतु शेतातल्या पाण्याबरोबर नत्र व स्फुरदही येत होते. त्यावर शैवाल माजे, ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपे. १९९९ च्या ऑगस्टमध्ये लक्षावधी तिलापिया मरून काठाला लागले. त्याआधी १९९६ मध्ये जीवाणूंच्या विषाने भरलेले मासे खाऊन हजारो पेलिकन पक्षी मेले होते. २०१२ च्या सप्टेंबरात तळाचा हायड्रोजन सल्फाइड वादळाने ढवळून वर आला आणि सडक्या अंड्यांचा वास दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या लॉस एंजेलिसपर्यंत पोहोचला. कोर्व्हिना तर आता तेथे उरलेलाच नाही.

तेव्हा आता ‘वाळून जाऊ द्या’ म्हणणाऱ्यांचे ऐकावे का? २००३ च्या करारान्वये येथल्या शेतीचे बरेच पाणी सॅन डिएगोच्या बाजूच्या शहरांना मिळू लागले. सरोवराला त्याबदली दिले जाणारे पाणी २०१७ अखेर थांबले. काठ मागे सरकला आणि तळाची माती उघडी पडली. या मातीत क्षार आहेत, शेतीतून वाहून आलेली द्रव्ये आहेत. तिचे कण इतके बारीक की वाऱ्याबरोबर थेट फुप्फुसात जातात. आसपासच्या इंपीरियल खोऱ्यात मुलांमध्ये दम्याचे प्रमाण आधीच जास्त आहे. त्यांचे आईबाप बहुतेक शेतमजूर. होडीवाल्यांनी दुसरे पाणी शोधले, या मुलांनी दुसरी हवा कोठून आणावी? याच राज्यात ओवेन्स सरोवराचे पाणी १९१३ पासून लॉस एंजेलिसने नेले. सरोवर कोरडे पडले आणि तेथली धूळ दाबण्यासाठी त्या शहराला पुढे दोन अब्ज डॉलरहून अधिक खर्च करावा लागला. तेव्हा ‘वाळू द्या’ हा स्वस्त मार्ग आहे, असे निदान कोणी म्हणू नये.

मग समुद्राचे पाणी आणून सरोवर भरावे? ही सूचना अनेकदा झाली. तज्ज्ञांच्या एका समितीने २०२२ मध्ये ती नाकारली. समुद्राचे पाणी आपले मीठ घेऊनच येणार आणि बाष्पीभवन काही थांबणार नाही, एवढे तरी आपल्यालाही बशीवरून कळते. होडीसाठी खोल पाणी हवे, मोठा विस्तार हवा. आणि विस्तार जितका मोठा तितकी वाफ जास्त. आज जे थोडे पाणी हाती आहे ते होडीच्या हौसेसाठी पसरून ठेवणे मला योग्य वाटत नाही. तंबू राहू देत, पक्षी पाहणारे येऊ देत. या प्रदेशात चारशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद झालेली आहे. पण पाणी आधी उघड्या तळावर गेले पाहिजे. कोठे उथळ तळी करावीत, कोठे क्षार सोसणारी झुडपे लावावीत.

हे काम सुरू झाले आहे. दक्षिण टोकाला, न्यू नदीच्या मुखाशी, नदीचे पाणी आणि सरोवराचे खारे पाणी मिसळून हवी तेवढी क्षारता राखणारी तळी बांधली गेली. २०२५ मध्ये त्यांत पाणी सोडण्यास सुरुवात झाली. बोटाएवढ्या पपफिश माशाला आणि मासे खाणाऱ्या पक्ष्यांना तेथे आसरा मिळावा, असा हेतू आहे. २०२८ अखेरपर्यंत सुमारे १२,००० हेक्टर उघडा तळ अशा रीतीने सांभाळण्याचे राज्याने ठरवले आहे. मात्र काम पहिल्या वर्षापासूनच ठरलेल्या वेळेच्या मागे आहे, आणि सरोवराचा काठ दर उन्हाळ्यात आणखी थोडा आत सरकतो.