भिंत नवी, पाणी तेच

रस्त्याकडेची जुनी संरक्षक भिंत पाडून नवी बांधायची म्हटलं की चर्चा सुरू होते ती खर्चाची. दगडाची की काँक्रिटची? किती उंच? माझ्या मते पहिला प्रश्न वेगळाच हवा. भिंतीमागचं पाणी जाणार कुठून?

मुंबईचीच दोन उदाहरणं घ्या. ५ ऑगस्ट २०२० च्या पावसात केम्प्स कॉर्नरजवळ टेकडीची जुनी भिंत एन. एस. पाटकर मार्गावर कोसळली, वरचा बी. जी. खेर मार्गही खचला. ती जुनी होती, मान्य. पण २ जुलै २०१९ ला मालाडच्या पिंपरीपाड्यात पडलेली भिंत काही वर्षांपूर्वीच बांधलेली होती. मागे पाणी तुंबलं, भिंत वस्तीवर आली आणि सुमारे ३० माणसं गेली. म्हणजे नुसतं नवेपण कामाला येत नाही.

आम्हा जालनेकरांना हे वेगळं सांगायला नको. आमची काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते. कुंपणाच्या भिंती तिच्यापायी वाकलेल्या आपण बघतोच. म्हणून भिंतीमागे खडीचा थर, भिंतीला पाणी निघायची भोकं आणि वर वाहतं गटार हवंच. शिवाय दर मे महिन्यात ती भोकं साफ करायला माणूस अन् पैसा हवा. हे टेंडरमध्ये नसेल, तर कितीही भारी भिंत बांधा, संकट फक्त पुढच्या पिढीवर ढकललं जाईल.

असो. तुमच्या गावातल्या भिंतीची भोकं उघडी आहेत की बुजलीत? जरा बघून कळवा.