दाखल्याविना पंगत

20 डिसेंबर उलटला, आणि प्रतिवर्षाप्रमाणे यंदाही संत गाडगे महाराजांच्या पुण्यतिथीनिमित्त आपल्या जालना जिल्ह्यात ठिकठिकाणी खराटे निघाले, रस्ते झाडले गेले, छायाचित्रे प्रसिद्ध झाली. परंतु ज्या पुरुषाने आयुष्याची कितीतरी वर्षे धर्मशाळा उभारण्यात वेचली, त्याच्या त्या दुसऱ्या, आणि माझ्या मते अधिक मोलाच्या, कार्याचा उच्चार एकाही व्यासपीठावरून माझ्या कानी आला नाही. खराट्याविषयी माझी तक्रार नाही. गावे झाडली गेलीच पाहिजेत. पण त्याच आठवड्यात एका तालुक्याच्या गावी ज्या समारंभास मी उपस्थित होतो, तेथे या विस्मृतीची किंमत कोण मोजते हे डोळ्यांसमोर दिसले, म्हणून आज हा विषय.

समारंभ कर्करोगग्रस्त कुटुंबांना साहाय्य देण्याचा होता. देणारे सज्जन होते, पैसा त्यांच्या घामाचा होता आणि हेतूही निर्मळ होता, हे प्रारंभीच नमूद करतो. तथापि रुग्णाचे नाव, त्याचे गाव आणि त्याचा रोग ध्वनिक्षेपकावरून पुकारला जावा, मग त्याच्या पत्नीने अथवा मुलाने मंचावर चढून धनादेश स्वीकारावा आणि छायाचित्र निघेपर्यंत तो धरून उभे राहावे, ही रीत मला सहन झाली नाही. एक मुलगा, आठवी-नववीतला असावा, वडिलांच्या आजाराचे नाव पुकारले जाताच मान खाली घालून जो उभा राहिला तो धनादेश हाती आल्यावरही वर पाहीना. त्याचे वर्गमित्र मंडपात बसलेले होते. या मंचापर्यंत पोहोचण्यासाठी त्या कुटुंबाने तहसिलीतून उत्पन्नाचा दाखला, तलाठ्याकडून रहिवासाचा दाखला, शिधापत्रिकेची प्रत, डॉक्टरांचे प्रमाणपत्र आणि खर्चाचे अंदाजपत्रक इतकी कागदपत्रे रुजू केली होती. दाखल्यांविषयी एवढेच म्हणतो की, ज्या घरात मरणाची भीती शिरली आहे, त्या घरातील एकमेव धडधाकट माणसाचे दिवस दाखल्यांच्या खेपांत खर्ची घालणे हे साहाय्य नव्हे, तो साहाय्यापूर्वीचा दंड आहे.

यावर कोणी म्हणेल की, दाखल्यावाचून गरजू कोण हे ओळखावे कसे? याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यातील रस्त्यांवर दरवर्षी दिले जाते.

मुक्ताईनगरहून निघालेली संत मुक्ताईची पालखी पंढरीस जाताना, आणि शेगावची श्री गजानन महाराजांची पालखी आषाढी उरकून, शहागडला गोदावरी ओलांडून परतताना, आपल्या जिल्ह्यातून जाते. ज्याने हे मुक्काम जवळून पाहिले आहेत त्याला ठाऊक आहे की, सकाळचा चहा कोणत्या वस्तीने द्यावयाचा, दुपारची पंगत कोणाच्या वाड्यापुढे बसवायची, भाकरी कोणत्या आळीतून यावयाच्या, पाण्याचा टँकर कोणी उभा करावयाचा, रात्री शाळेच्या कोणत्या खोल्या उघडून द्यावयाच्या, इतकेच नव्हे तर पायांना फोड आलेल्यांच्या पायांना तेल कोणी चोळावयाचे, याची वहिवाट वर्षानुवर्षे ठरलेली असते, आणि ती कोणत्याही लेखी हुकुमावाचून, केवळ शब्दावर, बापाकडून मुलाकडे जात राहते. त्या पंगतीला बसणाऱ्याची जमीन किती, जात कोणती, उत्पन्न काय, हे कोणी विचारीत नाही. चालून आलेला आहे आणि भुकेला आहे, एवढी त्याची ओळख तेथे पुरते. शिवाय वाढणारा हा जेवणाऱ्याच्या पाया पडतो; घेणाऱ्याने देणाऱ्यापुढे वाकावे असा तेथे शिरस्ता नाही, देणाराच वाकतो.

परंतु मला या व्यवस्थेत सर्वांत थोर वाटते ती गोष्ट आणखी वेगळी आहे. पालखी गावातून उठते तेव्हा पुढच्या मुक्कामाच्या गावी चूल पेटलेली असते. आज जेवू घातले, आता तुमचे तुम्ही पाहा, असे कोणी म्हणत नाही, कारण रस्ता लांब आहे आणि तो टप्प्याटप्प्यानेच कापावा लागतो हे प्रत्येक गावास माहीत आहे. कर्करोगाचाही रस्ता असाच टप्प्यांचा आहे. निदान एके ठिकाणी होते, शस्त्रक्रिया दुसऱ्या ठिकाणी, मग किमोच्या पाळ्या, मग किरणांचा शेक, मग महिन्या-दोन महिन्यांनी फेरतपासणी, आणि ती पुढे कित्येक वर्षे. या प्रत्येक टप्प्यावर त्या कुटुंबाला कोठेतरी उतरावे लागते, काहीतरी शिजवावे लागते, कोणालातरी विचारावे लागते. आपण मात्र त्याच्या हाती एका दिवशी, एका मंचावर, एक रक्कम ठेवतो, आणि ती रक्कम पहिल्या टप्प्यातच प्रवासखर्चात, खोलीच्या भाड्यात आणि किराण्याच्या जुन्या उधारीत विरून जाते. आपण वारकऱ्याला पहिल्या गावी रोख रक्कम देऊन पंढरीचा रस्ता दाखविला असता तर वारी शतकानुशतके टिकली असती काय?

औषधाचा प्रश्न सुटला आहे असे मी म्हणत नाही. पण तो पूर्वीइतका निराधार राहिलेला नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण आता कुटुंबामागे वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत आहे, तीत शस्त्रक्रिया, किमो आणि किरणोपचार येतात. आणि छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय 2012 साली सुरू झाल्यापासून प्रत्येकाला मुंबईचा रस्ता धरावा लागत नाही. परंतु योजना भागवते तो रुग्णालयाचा खर्च; दाराबाहेर बसलेल्या संसाराचे बिल तिच्याकडे जात नाही. त्यातही जालना जिल्ह्याची एक विशेष अडचण आहे, जिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. जालन्याहून संभाजीनगर अवघे साठ किलोमीटर. ‘जवळच तर आहे, जाऊन-येऊन करा,’ असे जो तो म्हणतो. पण मंठ्यापलीकडच्या खेड्यातील माणसाला आधी मंठा, मग जालना, मग संभाजीनगर असे तीन उतारे करावे लागतात, आणि शेक हा एका खेपेचा उपचार नव्हे. तो आठवड्यातून पाच दिवस, पाच ते सात आठवडे घ्यावा लागतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात तर बाहेरून आणि आतून द्यावयाचे सारे किरण आठ आठवड्यांच्या आत पुरे झाले पाहिजेत असा वैद्यकाचा दंडक आहे, कारण मध्ये खंड पडला की उरलेल्या पेशी पुन्हा बळ धरतात आणि आधी घेतलेल्या शेकाचे फळ उणे होत जाते. मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात गेलेला माणूस, दूर आहे म्हणून, मुक्कामाची तजवीज करूनच निघतो. साठ किलोमीटरवरचा माणूस, जवळ आहे म्हणून, तजवीज न करता निघतो आणि तिसऱ्या आठवड्यात थकून घरी बसतो. माझे ठाम मत आहे की, या जिल्ह्यात अर्ध्यावर सुटलेले उपचार बहुतांशी औषधावाचून नव्हे, मुक्कामावाचून सुटतात.

मागे एका संध्याकाळी जालन्याच्या बसस्थानकावर घनसावंगीकडील एक दांपत्य पाहिले. नवऱ्याला तोंडाचा कर्करोग. जबडा उघडत नव्हता, नाकातून पोटात गेलेली नळी गालावर चिकटपट्टीने बसवलेली. गावाची गाडी गेलेली होती. बाईने पिशवीतून सकाळी केलेली नाचणीची पेज काढली, ती घट्ट झाली होती, तीत बाटलीतले पाणी घालून हलवली, स्वच्छ फडक्यातून दोनदा गाळली, मग मोठ्या पिचकारीचा दांडा काढून ती नळीला जोडली आणि हात उंच धरून पेज थोडी थोडी ओतू लागली. आजूबाजूचे लोक पाहत होते. नवऱ्याने उपरणे डोक्यावरून पुढे ओढून घेतले होते, आणि ती बाई एका हाताने पिचकारी धरून दुसऱ्या हाताने ते उपरणे सावरीत होती. त्या वेळी त्यांना ज्या वस्तू हव्या होत्या त्यांची यादी अगदी लहान होती: एक खोली, एक शेगडी, पेज ताजी करण्यापुरते पीठ, आणि दार लावून घेण्याची सोय. धनादेशाने यांतली कोणती वस्तू त्या घटकेला मिळाली असती?

गाडगे महाराजांना हे नेमके उमगले होते. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथे त्यांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर, ज्यांना इतरत्र ओसरीही मिळत नव्हती त्यांच्यासाठी उभी राहिली, आणि पुढे ती त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. परंतु ते तीर्थक्षेत्रांपाशी थांबले नाहीत. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातलगांसाठी धर्मशाळा झाली, आणि पुढे त्यांच्या नावाच्या मिशनने दादरला जी धर्मशाळा चालविली, तिच्यात परळच्या टाटा रुग्णालयात येणारी गोरगरीब कुटुंबे आजही नाममात्र खर्चात राहतात. त्यांच्या दशसूत्रीत बेघराचा आसरा आणि रोग्याचे औषध ही दोन कलमे स्वतंत्र आहेत, आणि एक दिल्याने दुसरे आपोआप मिळते असा भ्रम त्यांना कधीच नव्हता. देवाच्या वाटेवरचा माणूस आणि रुग्णालयाच्या वाटेवरचा माणूस यांत त्यांनी भेद केला नाही. वारकऱ्याला घातलेल्या अन्नाचे पुण्य निराळे, असे म्हणणाऱ्यास यापरते उत्तर मला सुचत नाही.

टाटा रुग्णालय 1941 साली उघडले, आणि त्याच्याभोवती हळूहळू जे दुसरे, बिनभिंतीचे रुग्णालय उभे राहिले त्याचा इतिहास कोणीतरी साक्षेपाने लिहावयास हवा. नाना पालकर स्मृती समितीच्या खोल्या, जीवनज्योत न्यासाचे रस्त्यावरील रुग्णांना आणि नातलगांना जाणारे अन्न, आणि 2006 पासून सेंट ज्यूड संस्थेने कर्करोगग्रस्त बालकांच्या कुटुंबांसाठी चालविलेली विनामूल्य निवासस्थाने, ही सारी त्याच्यात येतात. सेंट ज्यूडच्या निवासात प्रत्येक कुटुंबास स्वतंत्र जागा असते आणि सामाईक स्वयंपाकघरात आई आपल्या मुलासाठी स्वतः शिजवू शकते. किमोने रक्तातील पांढऱ्या पेशी घटलेल्या मुलाला फुटपाथावरचे पाणी आणि हातगाडीवरचे अन्न विषासमान असते, म्हणून तेथे ती चूल हा उपचाराचाच भाग ठरतो. हे सर्व दात्यांच्या पैशावर चालते. मंचावर कोणालाही उभे करावे लागत नाही.

आणि केवळ मुंबईलाच हे साधते असेही नाही. बार्शीसारख्या तालुक्याच्या गावी नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय लोकाश्रयावर उभे राहिले, आणि तेथील लोकांनी शेजारच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यातील खेड्यांत जाऊन गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचे जे काम केले, ज्यात 1,31,746 स्त्रियांचा समावेश होता आणि ज्याचा अहवाल 2009 मध्ये प्रसिद्ध झाला, त्याकडे साऱ्या जगाच्या वैद्यकाने पाहिले. आपलाच मराठवाडा, आपल्याच आयाबहिणी. संस्था दारापर्यंत चालत गेली म्हणून त्या तपासणीस आल्या.

जालन्याजवळ काय कमी आहे? ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण आपण अभिमानाने सांगतो. बियाण्यांचे कारखाने, पोलादाच्या भट्ट्या, मोसंबीचा आणि कापसाचा व्यापार, यांनी या शहराला दानाची ऐपत दिली आहे, आणि दानाची वृत्तीही येथे जुनी आहे. म्हणून त्या समारंभाच्या संयोजकांकडे मी जी तजवीज लेखी पाठविली आहे ती येथेही मांडतो. संभाजीनगरात कर्करोग रुग्णालयापासून पायी जाता येईल अशा अंतरावर आठ खोल्यांचे एक घर भाड्याने घ्यावे, कारण आपल्या जिल्ह्यात तालुके आठ आहेत. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा, प्रत्येकाने एका खोलीचे भाडे उचलावे आणि पालखीच्या पंगतीप्रमाणे दीड-दीड महिन्याची पाळी लावून ज्वारी, तूरडाळ, तेल, गूळ पोहोचते करावे. घरात मोठे स्वयंपाकघर असावे, त्यात पेज गाळण्याची चाळणी आणि वाटण्याचे यंत्र असावे, आणि गॅसच्या टाकीचा खर्च बाजार समितीतील आडत्यांनी आपसांत वाटून घ्यावा. प्रवेशासाठी रुग्णालयाचा केसपेपर पुरेसा मानावा. अन्य कोणताही दाखला मागू नये. आणि एक माणूस, ज्याने स्वतःच्या घरी हा रोग पाहिला आहे असा, पगार देऊन नेमावा, ज्याचे काम एवढेच की नव्या कुटुंबाबरोबर पहिल्या दिवशी रुग्णालयात जाणे, कोणत्या खिडकीवर काय द्यावयाचे ते दाखविणे, आणि शेकाला कोणी दोन दिवस आला नाही तर तिसऱ्या दिवशी त्याच्या गावी दूरध्वनी करणे.

फुकट मिळते म्हणून लोक तेथेच राहतील, अशी शंका एका गृहस्थांनी पत्र वाचून व्यक्त केली. ज्यांची वेचणी शेतात खोळंबली आहे, जनावरे शेजाऱ्याच्या भरवशावर आहेत आणि धाकटी मुले मामाकडे ठेवलेली आहेत, ती माणसे शेवटचा शेक घेतल्यावर एक रात्रही जास्त राहणार नाहीत, असे मी त्यांना कळविले आहे. आणि भाड्याच्या घरासाठी संभाजीनगरात माहितीतली जागा असल्यास वाचकांनी या स्तंभाच्या पत्त्यावर कळवावी, ती मी संयोजकांकडे पोहोचती करीन.

— दप्तरी